रिकामी फेरी

कर्जतजवळच्या त्या रिसॉर्टवर हेलिकॉप्टरने येणाऱ्या पाहुण्यांचं सगळं पौर्णिमा बघायची. आख्खं हेलिकॉप्टर भाड्याने घेणारा कितीही बडा असो, परतताना आधी तिच्या वजनकाट्यावर उभा राहायचा, मगच आत बसायचा. पण पाहुणे मुक्कामाला राहिले की हेलिकॉप्टर जुहूला मोकळंच जायचं. मग पायलट किशोर, मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलेला, हळूच विचारायचा, "मॅडम, सीट रिकामी जातेय... तुमचं वजन किती?"

"बायकांना ते विचारत नाहीत," ती म्हणायची, आणि ओठांवर आलेलं दुसरंच काही गिळून टाकायची.

तो उतरताना ती हेलिपॅडच्या कडेला केशरी ओढणी घेऊन, वारा पाठीशी घेऊन उभी राहायची. ती कुठे उभी आहे त्यावरून त्याला वारा कळायचा. वाऱ्याची पिशवी खांबावर होतीच, पण हे दोघांचं आपलं ठरलेलं.

आज त्याची इथली शेवटची फेरी. सोमवारपासून बदली, थेट रायपूरला. आज बोलायचंच म्हणून निघालेल्या पौर्णिमाची एसटी नेमकी खालापूरच्या नाक्यावर ट्रकांमागे अडकली. सकाळचं धुकं असं दाट, की समोरचा ट्रकही दिसेना. वरून पंख्यांची घरघर गेली आणि तिचा जीव टांगणीला लागला. कडेला कुणी दिसलं नाही तर तो तसाच मागे वळेल... कायमचा.

धावतपळत ती पोचली, तर हेलिकॉप्टर उतरलेलं. मुक्कामाला आलेले पाहुणे चहाला गेले होते.

"बरं झालं तू होतीस," किशोर म्हणाला. आज पहिल्यांदाच 'तू'. "धुक्यात फक्त तुझी ओढणी दिसली."

ओढणी तिच्या पिशवीत होती, घडीसुद्धा न मोडलेली.

"मी... आत्ता येतेय."

धूळ उडू नये म्हणून पाणी मारणाऱ्या येसूबाईने ओल्या मातीकडे बोट दाखवलं. कडेला दोनच पावलं होती. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. पौर्णिमाने चप्पल काढून एका पावलात पाय ठेवला. तंतोतंत बसला. माती कोमट होती.

"जीव लय टांगला ना, का मानूस पुडं जाऊन हुबं ऱ्हातं गं," येसूबाई म्हणाली. "भिऊ नको. तुजीच हाय ती."

भीती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली. मनातलं असं चव्हाट्यावर आल्यावर आता लपवायचं काय? ती मुकाट्याने वजनकाट्यावर चढली.

"बावन्न," ती म्हणाली. "तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला. जायचंच असेल, तर... सीट रिकामी आहे अजून?"

"कधीची," किशोर म्हणाला. त्याने जुहूला फोन करून विचारून घेतलं.

धुकं विरलं तसे ते निघाले. ओढणी मांडीवर घट्ट धरून पौर्णिमाने खाली पाहिलं. येसूबाई बादली घेऊन वाडीच्या वाटेला लागली होती. आणि हेलिपॅडच्या कडेला, वारा पाठीशी घेऊन, केशरी ओढणीतली कुणी एक उभी होती.

किशोरनेही पाहिलं.

"तिला घ्यायचं राहिलं," तो म्हणाला.

"राहू दे," पौर्णिमा म्हणाली. "तुला कधीतरी परत यायचंय ना... उतरायला तिथे कुणीतरी हवं."