उंबऱ्यावरची चप्पल

सांगोल्याच्या पुढं माळावर एक टेकडी आहे. तिच्यावरच्या पडक्या तटाला लोक कौतुकानं किल्ला म्हणतात. उत्कर्षा आणि अमरेश या नवराबायकोनं त्याचा ड्रोननं नकाशा करायचं काम घेतलं होतं. अमरेशच्या टापटिपीनं घरचे आधीच हैराण. फोटोत फालतू काही नको म्हणून सकाळी त्यानं पायथ्याचा दरवाजा झाडून काढला. उंबऱ्यापाशी जुन्या चपला होत्या, प्रत्येक जोडीतली एकच. त्या पोत्यात भरून त्यानं जीपमध्ये टाकल्या आणि ड्रोनसाठी चुन्याच्या खुणा आखायला वर गेला.

दुपार कलली तरी तो उतरला नाही.

"दरवाजाच सापडत नाहीये," वॉकीटॉकीवर त्याचा आवाज कापत होता. "मी बुरुजावर आहे. ड्रोन माझ्या डोक्यावरच आहे. शर्ट हलवतोय बघ."

खाली दरवाजापाशी ड्रोन उडवणाऱ्या उत्कर्षानं रिमोटचा पडदा डोळ्यांजवळ नेला. बुरुज होता, त्यावर त्यानं आखलेली चुन्याची फुली होती. माणूस नव्हता.

"पाणी संपलंय गं," तो म्हणाला, आणि तिला रडू फुटलं. ती वर धावणार, तोच शेळ्या घेऊन आलेल्या तानाबाई नावाच्या म्हातारीनं तिचा दंड धरला.

"हितल्या चपला कुटं गेल्या?"

"नवऱ्यानं उचलल्या. कचरा वाटला त्याला."

तानाबाई मटकन खाली बसली. "वर जानारा एक चप्पल हितं काढून ठिवतो की. त्याबिगर उतरायची वाट गावत न्हाय."

"मग एवढ्या इथं कशा राहिल्या, आजी?"

"समदीच उतरत न्हाईत, बाई."

उत्कर्षा जीपकडं पळाली. सीटखाली अमरेशच्या जुन्या चपलांचा जोड होता. त्यातली एक तिनं उंबऱ्यावर आणून ठेवली आणि वॉकीटॉकीवर अमरेशला तसं सांगितलं.

"पोत्यातल्या बी ठिव," तानाबाई म्हणाली. "आदी त्यांच्या."

"आधी माझा नवरा," उत्कर्षा तुटकपणे म्हणाली.

वॉकीटॉकी खरखरली. "दिसला. दरवाजा समोरच आहे. आलो."

पडद्यावरची वाट रिकामी होती. असू दे. आवाज तर त्याचाच होता, आणि तिला दुसरं काही नको होतं. त्याला प्यायला लागेल म्हणून ती जीपमधून बाटली आणायला गेली. घाईत बाटलीचं झाकण निघेना. अंगावरून गार वाऱ्याची झुळूक गेली, तेव्हाही तिनं मान वर केली नाही.

परतली तर उंबरा मोकळा होता.

तानाबाई तोंडावर पदर घेऊन शेळ्या हाकत दूर निघाली होती.

धुळीत पावलं उमटली होती. दरवाजातून निघून जीपपर्यंत आलेली. एक चपलेचं, एक अनवाणी. अनवाणी पाऊल फार लहान होतं.

जीपच्या पुढं ती पावलं सडकेकडं गेली होती. तिथं दोन्ही पावलं चपलेची होती.

तिनं सीटखाली हात घातला. जोडातली दुसरी चप्पल नव्हती.

"उत्कर्षा," वॉकीटॉकीतून अमरेश विचारत होता, "आत्ता दरवाजा होता गं इथं. चप्पल ठेवलीस ना?"