पाण्यातला नवरा

शिवडीच्या खाडीला ओहोटी लागली की नजर जाईल तिथवर चिखलच चिखल. त्या चिखलात दमयंती निवटे धरत होती. निवटा म्हणजे चिखलात टुणटुण उड्या मारणारी बोटभर मासळी. हाताला लागली म्हणता म्हणता निसटते. एकाच्या मागे धावता धावता पोरगी गुडघ्यापर्यंत रुतली. उजवा पाय उपसला की डावा आत. डावा उपसला की... जाऊ द्या, चिखलात अडकलेल्या माणसाची फजिती किती सांगावी!

"काय गो, निवट्यानं तुला धरली की तू निवट्याला?"

जरा पलीकडे पाण्यात एक होडी होती. वल्ह्यावर हनुवटी टेकून एक तरणाबांड कोळी मजा बघत होता.

"दात काढायला येतात तुला, हात द्यायला येत नाय?" दमयंती कडाडली.

"देतो की. पर एकदा धरलेला हात मी सोडीत नाय... आधीच सांगून ठेवतो."

"मंग नको. मी भरतीची वाट बघते."

तो हसला. कसा हसला म्हणून सांगू! होडी डुगडुगली, काठावरचे बगळे उडाले. मग त्यानं दोर फेकला आणि ओढून तिला बाहेर काढली. दमयंतीच्या नाकाला चिखल, गालाला चिखल. आता हा पुन्हा हसणार, असं तिला वाटलं. पण तो हसला नाही, नुसता बघत राहिला. तिनं पापण्या खाली घातल्या, आणि निवट्यांची टोपली चिखलातच विसरून घरी गेली.

तो जगन. गिरगाव चौपाटीवरच्या कोळ्यांतला, शिवडीला आपल्या धोंडूमामाच्या हाताखाली मासेमारीला आलेला. त्या दिवसानंतर त्याचं दमयंतीच्या दारात रोज काही ना काही काम निघू लागलं. कधी सुई हवी, कधी विस्तव हवा. दमयंतीची आय सोनूबाई पदराआड हसायची.

पण दमयंतीनं मनाशी एक पक्कं ठरवलं होतं. पाण्यातला नवरा नको म्हणजे नको! तिचा बापूस गुणाजी वादळात होडीसकट गेला, त्याला फार काळ लोटला नव्हता. होडीचं फळकूटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही.

शिमग्याच्या सणाला ढोल वाजत असताना जगननं तिला गाठलं.

"दमे... लगीन करशील माझ्याशी?"

"करीन. पर तू पाणी सोड."

त्याचा चेहरा उतरला. "पाणी सोडून कोळ्यानं करायचं काय?"

"लालबागेत गिरण्या हायत. तिथली माणसं सांजेला हातीपायी धड घरी येतात."

"येवढा भेव वाटतो?"

"भेव नाय रे..." तिचा आवाज चिरकला. "मी उभी व्हते किनाऱ्यावर. समदी लोकं घरी गेली, तरी मी नि आय उभ्या... पुन्हा माझ्यानं नाय व्हायचं ते. नाय व्हायचं..."

तिचे डोळे पुसायला त्याचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. चारचौघं बघत होती.

"रडू नको," तो म्हणाला. "सोडलं पाणी."

लग्न ठरलं. जगन गिरणीत लागला. पहाटे भोंग्याला जायचा, दिवेलागणीला यायचा. केसांत कापूस, छातीत खोकला. हसणं आधी कमी झालं, मग थांबलंच. सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर बसायचा, पण समुद्राकडे पाठ करून. दमयंतीला दिसत नव्हतं असं नाही. पण माणूस धड आहे ना, मग झालं तर, असं ती स्वतःला समजवायची. भेदरलेलं माणूस आंधळं होतं, दुसरं काय!

आणि मग मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला.

घरंच्या घरं ओस पडली. निम्मं लालबाग गावाला पळालं. गिरणीत माणूस मिळेना, पण जगन हटला नाही. शब्द दिला होता ना! दमयंतीचा जीव त्याच्यासाठी टांगणीला लागला होता, आणि ताप आला तो तिच्याच घरात. सोनूबाईच्या काखेत गाठ उठली. शेजारची रखमा उंबऱ्यावर पाण्याचा हंडा ठेवून जायची, आत यायची हिंमत कुणाला? दमयंती एकटी उशाशी बसून कपाळावर ओली घडी ठेवत राहिली.

"आय," तिला हुंदका आवरेना, "पाण्यातला नवरा केलास नि जन्माचं वाटोळं झालं तुझं. सुख म्हणून लाभलं नाय."

तापानं लाल झालेले डोळे सोनूबाईनं उघडले. "वाटोळं? कोण बोलला? अगो, तुझा बापूस येवढी वर्सं रोज गेला नि रोज आला. चिंब भिजलेला, लांबून हाका मारीत... ते समदं कुठं टाकलंस तू? नाय आला, तो येकच दिवस. तू नेमका तोच धरून बसलीस."

"पर तो दिवस आला ना, आय!"

"आला. लय दुखलं. अजून दुखतंय. पर तो पुसायसाठी बाकीचे दिवस परत दे, असं कोण बोलला... तर येकबी देणार नाय मी."

सकाळी सोनूबाई गेली. उचलायला माणसं मिळेनात. धोंडूमामा आणि गिरणीतून धावत आलेला जगन, दोघांनीच कसंबसं सगळं उरकलं.

पुढे कितीतरी दिवस दमयंती घराबाहेर पडली नाही. एका संध्याकाळी मात्र उठली आणि थेट लालबागेत गिरणीच्या दरवाज्याशी जाऊन उभी राहिली. जगन बाहेर आला. गालफडं बसलेली, चालही म्हाताऱ्यासारखी.

"उद्यापास्नं हितं यायचं नाय," ती म्हणाली.

"म्हंजे? शब्द दिलाय मी तुला..."

"तो परत घे. पाण्यानं बापूस नेला. जमिनीवर जीव वाचतो म्हणत व्हते, तर जमिनीवर माझी आय गेली. आता तुला ठेवू कुठं मी? छपरावर?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "तू हसत नायस रे जगन. जित्या माणसाला मी वाचवता वाचवता मारलं..."

यावेळी त्याचा हात मध्ये थांबला नाही. बघणारे खुशाल बघेनात का! भर रस्त्यात त्यानं तिचे डोळे पुसले, आणि पुसता पुसता स्वतःच रडायला लागला.

वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून साधंच झालं. वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत. निम्म्या कोळीवाड्याला सुतक होतं.

दुसऱ्या दिवशी जगनची होडी निघाली. कोळ्यांत चाल आहे, नव्या नवरीनं उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला द्यायच्या. तो हात मग मोकळाच राहतो. त्याच्या बदल्यात समुद्रानं तिच्या नवऱ्याला सांभाळायचं. सोनूबाईनंही दिल्या होत्या एके काळी, हे दमयंतीला काय ठाऊक नव्हतं?

"माग गो," रखमा हळूच म्हणाली, "जन्माचं सौभाग्य माग."

दमयंती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. भीती होतीच, ती काही कुठे जाणार नव्हती. एकेक बांगडी काढून तिनं पाण्यात सोडली. ओठ हलले. डोळे वाहत होते, ते तिनं वाहू दिले.

होडीतून जगन वाकला. "काय मागितलंस?"

"आजची संध्याकाळ."

"बस? लोकं सात जन्म मागतात, येडे!"

"मागू देत त्यांना," दमयंती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तिनं होडी खोल पाण्याकडे लोटली. "उद्याची मी उद्या मागीन."