चपड्याचा हात

ही गोष्ट अक्षर न अक्षर खरी आहे, माझ्या मुलीची शपथ! मला मुलगी नाही, ते सोडा.

फैजपूरला रिखबचंद शेठच्या घरी असलम पेंटर एक खोली रंगवायला गेला. खोली शेठच्या बायकोची, सज्जनबाईंची. त्या जाऊन वर्ष होत आलं, पण पूजेसाठी त्या उगाळायच्या त्या केशर-चंदनाचा वास काही भिंती सोडत नव्हता. शेठ दिवसभर त्या वासात बसून राहत. जेवण जवळपास सुटलंच होतं.

“दोनदा रंग दिला, असलमभाई, वास परत वर येतो,” सून चेलना कुजबुजली. “हा गेला नाही ना, तर बापूजीही जातील.”

“मग आधी चपड्याचा हात मारू, भाभी. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. डाग असो, वास असो, खाली कोंडून टाकते. रंग मग वरून.”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून शेठनी विचारलं, “लाख कशाची असते रे?”

असलमचा ब्रश थांबला. लाख किड्यांची. आणि सज्जनबाई तर मुंगी चिरडेल म्हणून पाऊल मागे घेणाऱ्या.

“झाडाचा डिंक, शेठजी,” तो म्हणाला.

बाहेर केळीच्या बागांवर दुपार जड होऊन पडली होती. चपडा एरवी बोलता बोलता वाळतो, हा वाळेना. भिंती मधासारख्या चमकत राहिल्या. मग बारीक सळसळ सुरू झाली, साडीचा पदर फरशीवरून ओढत जावा तशी. असलमनं भिंतीला कान लावला. आत काहीतरी... हळूहळू श्वास घेत होतं.

“जीव आहेत त्यात...” शेठ पुटपुटले. “ती म्हणतेय... जाऊ दे त्यांना...”

असलमच्या डोळ्यांदेखत ती मधाळ ओल दाण्यादाण्यांनी उठली. खसखशीएवढे तांबडे जीव. रांग धरून खिडकीतून निघाले आणि अंगणातल्या बोरीवर चढले. त्यांच्यामागे केशर-चंदनाचा वास गेला. वासामागे शेठ गेले, अनवाणी. भिंत मागे राहिली, कोरडी ठक्क.

आता कबूल करतो. बोर मी रचली. त्या अंगणात झाडच नाही, नुसती फरशी आहे, मे महिन्यात पाय ठेववत नाही अशी. शेठ मात्र रोज दुपारी तिथंच बसून पोटभर जेवतात. चेलना ताट वाढते, पण खाली बघत नाही. शेठ बसतात तेवढ्या फरशीवर तांबूस सावली असते. आणि ती हलत असते.