डोलकाठीच्या पायाशी

वादळानंतरच्या सकाळी माझ्या दुकानात गर्दी असते. केस वाढलेले असतात म्हणून नव्हे. कुणाचं छप्पर किती लांब गेलं हे सांगायला जागा हवी असते, आणि गळ्याला कापड बांधून खुर्चीत बसलेल्या माणसाला मध्येच तोडायला कुणी धजत नाही. होड्या बांधणारा कुरोसे आला तेव्हा दोघंजण बाकावर बसलेले होते. त्याने टोपी काढली नाही, तेव्हाच समजलं, हा केस कापायला आलेला नाही.

"वहिनी, होडी पडली."

बाकावरचे दोघे एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

होडी तोकुजीची, माझ्या नवऱ्याची. लाकडी, शिडाची, दोघांना पाय पसरून झोपता येईल एवढी केबिन. कुरोसेच्या वडिलांनी बांधलेली शेवटची होडी. मूलबाळ नव्हतं आम्हांला. दर उन्हाळ्यात दुकानाला कुलूप ठोकून बेटाबेटांवरून भटकत असायचो. अकरा वर्षांपूर्वी, शरदातल्या एका शांत सकाळी, नवं शीड बघून जेवायला येतो म्हणून तो एकटाच गेला. संध्याकाळी होडी सापडली. शीड उभारलेलं, किटलीवर झाकण घातलेलं. तो नव्हता. आमच्या थडग्यात हाडं नाहीत, त्याची टोपी आहे. टोपीपुढे उदबत्ती लावताना मला दर वेळी थोडं हसू येतं. मग येत नाही.

म्हणून होडी मोडू दिली नाही. कुरोसेच्या आवारात, नाळ, म्हणजे पुढचं टोक, डोंगराकडे करून, लाकडी घोडीवर चढवून ठेवली. दर वर्षी तिचं बूड मीच खरवडते, रंगवते. गावात म्हणतात, हात्सुएने नवऱ्याच्या जागी होडी पाळलीय. खायला मागत नाही, एवढं बरं.

आवारात चिखल होता आणि मोडक्या लाकडाचा ओला वास. वारा रात्रभर समुद्रावरून आला होता. किनाऱ्यावर ठेवलेल्या इतर होड्या डोंगराच्या बाजूला, पिकासारख्या, एका अंगाला झोपल्या होत्या. आमची तेवढी समुद्राच्या बाजूला पडली होती. उजव्या कुशीच्या फळ्या फुटल्या होत्या, डोलकाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर मोडली होती, आणि नाळ वळून पाण्यात उतरणाऱ्या उताराकडे झाली होती.

"वारा मध्येच फिरला असेल," मी म्हणाले.

"असेल." कुरोसे दुसऱ्या होड्यांकडे बघत होता.

आदल्या दिवशी आम्ही दोघांनीच तिला जमिनीतल्या लोखंडी कड्यांना दोरांनी जखडलं होतं. गाठीवर पाय देऊन त्याने दोर ताणले होते आणि म्हणाला होता, "आता ही हलली ना वहिनी, तर तुमच्याकडून टक्कल करून घेईन." टकलाचं मी आता काही बोलले नाही.

कारण दोर तुटले नव्हते. सोडले होते. सोडून, वेटोळी करून, प्रत्येक कड्यावर एकेक नीट ठेवलं होतं.

वेटोळं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे घालतात, आमच्याकडचं शेंबडं पोरही तसंच घालतं. ही उलटी होती. तोकुजी डावरा होता. त्याची वेटोळी उलटी पडायची, मी ती उकलून सरळ करायची, आणि एवढ्यावरून आमचं अर्धा दिवस वाजायचं.

"या वाऱ्यात बाहेर कोण आलं असेल?" कुरोसेने विचारलं. मला नव्हे, दोराला.

मी मागे गेले. सुकाणूच्या खालच्या कडेला बारीक टोकदार शिंपले चिकटले होते, पाण्यातल्या खडकांना असतात तसे. तिथे मी वसंतातच रंग दिला होता. एकाला बोट लावलं. त्याने तोंड मिटलं.

दुपारी कुरोसेने फुटक्या कुशीतून आत वाकून पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसत राहिला. कणाच मोडलाय, म्हणाला, ही आता उभी राहायची नाही.

"मोड मग," मी म्हणाले. "पण आधी देवी काढून दे."

डोलकाठीच्या पायाखालच्या ठोकळ्यात देवी असते. बांधताना सुतार खाच पाडतो आणि आत दोन फासे, कागदाची बाहुला-बाहुली, थोडी नाणी नि मालकाच्या बायकोच्या केसांची बट ठेवतो. वरून देवदाराची खुंटी ठोकून राळेने बंद करतो. ते उघडायचं एकदाच, होडी मरते तेव्हा, आणि सुताराच्याच घरच्याने. बट मी स्वतः कापून दिली होती, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. दुसऱ्या कुणाच्या कात्रीवर माझा विश्वास नव्हता.

ती बट मला हवी होती. थडग्यात, टोपीशेजारी ठेवायला. आम्ही दोघं एकत्र असायची तेवढीच जागा उरली होती.

कुरोसेने मीठ टाकलं, रताळ्याची दारू शिंपडली, हात जोडले. राळ वडिलांनी लावली तशीच होती, कुठे तडा नाही. त्याने छिन्नी लावली.

खुंटी निघाली. खाच कोरडी होती.

फासे होते. नाणी होती. बाहुल्यांचा रंगसुद्धा गेला नव्हता.

बट काळीभोर होती. इतकी काळी, की माझी आहे हे मला आठवावं लागलं.

तिच्यात आणखी काही केस गुंफले होते. आखूड, पांढरे.

ओले.

"बाबांचे पडले असतील," कुरोसे घाईने म्हणाला. "म्हातारा तेव्हाही पांढराच होता."

"असतील."

मी ते चिमटीत धरले. जाड केस, कानामागचे असतात तसे मुळाशी एक हट्टी वळण घेतलेले. ते वळण मी वीस वर्षं बसवत होते, कधी बसलं नाही. टोकं नुकतीच कापलेली होती, तिरकी, उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पडतात तशी.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मीच त्याचे केस कापले होते. एकही पांढरा नव्हता. बुटाचं पॉलिश लावतोस का, म्हणून मी चिडवलं होतं.

कुरोसेला मी यातलं काही सांगितलं नाही. होडी मोडायला मात्र नको म्हणाले. त्याने छिन्नी पुसून पिशवीत टाकली. तिची नाळ उताराकडे होती, तशीच राहू दिली.

माझी बट टोपीशेजारी ठेवली. ते केस थडग्यात ठेवायचं धाडस झालं नाही. दुकानात आरशामागे, कागदाच्या पुडीत आहेत. रोज सकाळी पुडी बदलावी लागते. कागद भिजतो.