नववी ‘ब’चं बंदर

तळेऱ्याच्या स्टँडवर वाऱ्याने माझा फ्लेक्स उलगडला आणि एका अनोळखी माणसाच्या तोंडावर जाऊन बसला.

“सॉरी, सॉरी!” मी धावले. तो मात्र फ्लेक्स दोन्ही हातांनी धरून नकाशा वाचायलाच लागला होता.

“बंदर दक्षिणेला आणि नळ सगळे उत्तरेला? बंदरावरच्या माणसांनी पाणी आणायचं कुठून?”

“तेच तर मुलांनी शोधायचंय. खेळ आहे तो.”

देवगडची एसटी आली. सहा फुटांची गुंडाळी मला एकटीला आवरेना, म्हणून तो शेजारी बसला. मध्ये नकाशा, खिडकीतून येणारा मोहोराचा वास... त्याचं नाव देवेश. आमच्या नगरपंचायतीत नगररचनेचं काम बघायला नुकताच रुजू झालेला. मी चारुता, नववी ‘ब’ला भूगोल शिकवते, हे सांगून मी खेळही समजावला. बंदरावर बाहेरून वीस कुटुंबं कामाला आली आहेत. ती राहणार कुठे, ते मुलांनी ठरवायचं. चिठ्ठी काढायची आणि निघेल ते व्हायचं – मच्छीमार, घरमालक, नुकतीच आलेली बाई. सगळ्यांची सही झाल्याशिवाय आराखडा मंजूर नाही.

“आमच्या ऑफिसात असं ठरलं तर एक कागद हलायचा नाही,” तो हसला.

“मग शुक्रवारी या. बघा हलतो का.”

“हे बोलावणं की आव्हान?”

“तुम्हाला... जे झेपेल ते.”

तो आला. पुढच्या शुक्रवारी न बोलावता आला. मुलं त्याला रस्त्यांच्या रुंदीवरून छळायची आणि तो जमिनीवर मांडी घालून त्यांच्याशी मालवणीत भांडायचा. मी फळा पुसताना उगाचच वेळ लावू लागले होते.

तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या चिठ्ठीत ‘घरमालक’ निघाला. वर्गातल्या रियाच्या चिठ्ठीत निघाली कर्नाटकातून मासे सुकवायच्या कामाला आलेली बाई.

“काका, खोली आसा?” रियाने विचारलं.

“आसा. आडनाव काय तुमचा?”

रियाने कुठलं तरी कानडी आडनाव सांगितलं. देवेश गोड हसला. “माझा काय नाय हो. पण शेजारी काय म्हणतले? आणि गावाकडचो पाव्हणो येतलो, खोली तेका लागतली...”

वर्ग खदखदून हसला. रिया हसली नाही. “मगे आमी खंय रवाचा?”

देवेश उठून व्हरांड्यात गेला. मी मागोमाग.

“फार छान वठवलंत,” मी हळूच म्हणाले.

“वठवलं नाही. पाठ झालंय. ह्या महिन्यात चार घरांतून ऐकलंय.” तो मैदानाकडे बघत होता. “माझं आडनाव थापा. बाबा नेपाळातून आंब्याच्या कलमांची राखण करायला आले, म्हातारपणी परत गेले. मी इथेच जन्मलो, इथल्याच शाळेत शिकलो. गावाचे नकाशे मी काढतो, आणि राहतो लॉजवर.”

“आमच्या माडीवरची खोली रिकामी आहे. आजच या.”

“तुमच्या घरी नको.”

“उपकार नाही करत मी!”

“तसं नाही, चारुता...” त्याने पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. “भाडेकरू म्हणून उंबरठा ओलांडला, तर मग... दुसऱ्या नात्याने कसा येऊ?”

वर्गात ओमकार ओरडत होता, “मॅडम, रियान घरां शाळेकडे हलवली! नळ पण नेलो!”

“खोली आपण दोघं शोधू,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. “पाचवं घर, पन्नासावं घर... मिळेपर्यंत. आणि उद्या संध्याकाळी घरी ये. भाडेकरू म्हणून नाही.”

त्याने आत जाऊन रियाच्या आराखड्यावर घरमालकाची सही केली.

दुसऱ्या दिवशी माझे बाबा खळ्यात, घरापुढच्या अंगणात, अबोलीला पाणी घालत होते.

“बाबानू, एक जण येतलो. माका तो आवडता. लगीन करीन तर तेच्याशीच.”

बाबांनी कळशी खाली ठेवली. “नाव?”

“देवेश थापा.”

त्यांनी ओले हात पंचाला पुसले. “खंयचो?”

त्याचं शिक्षण, नोकरी, सगळं मी घोकून ठेवलं होतं. त्यातलं काहीच सांगितलं नाही.

“हयचो,” मी म्हणाले. इथलाच.

बाबांनी बेड्याकडे, अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. देवेश तिथे येऊन थांबला होता, इस्त्रीच्या शर्टात, अवघडलेला.

“माका येळ लागतलो, चारू.”

“लागांदे. आमी थांबतो. पण निर्णय बदलाचो नाय.”

बाबांनी सुस्कारा सोडला. “मगे तेका दारात कित्याक उभो केलंस? भितुर बोलव.”

मी धावले नाही. सावकाश चालत बेड्यापर्यंत गेले, भर उजेडात त्याचा हात धरला आणि त्याला आत घेऊन आले.