बोट आली नव्हती, तरीही...

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. पण झाबेतामावशी खोटं बोलत नाही, हे आमच्या बेटावर कुणीही सांगेल.

मागच्या ऑक्टोबरातला मंगळवार. दुपारचे तीन.

आमच्या बेटावर गाड्या नाहीत. धक्क्यावरून वर गावात सामान न्यायचं ते खेचरावर. ते काम मावशीचं.

त्या दिवशी वाऱ्यामुळे बोट आलीच नाही. सारं गाव दारं लावून झोपलेलं. मावशी खेचर माघारी वळवणार, तोच...

धक्क्यावर एक बाई उभी.

चाळिशीची असेल. उन्हात जाड लोकरी कोट. पायाशी चादरीचं गाठोडं.

"कशानं आलात हो?"

"आणलं त्यांनी."

"कुणी?"

बाईने गाठोडं पुढे सरकवलं.

मावशीला संशय आला. टीव्हीवाल्यांची दिसतेय! बेटावर पूर्वी हद्दपार केलेल्या बायकांची छावणी होती. असले लोक येतात, फोटो काढतात, गावाच्या नावाने खडे फोडून जातात.

"छावणी बघायचीय ना? नुसती पडकी भिंत उरलीय."

"ठाऊक आहे. आम्हीच बांधली ती."

भिंत सत्तर वर्षांपूर्वीची.

'मला खुळ्यात काढतेय,' मावशी मनात म्हणाली. तरी गाठोडं लादलं आणि पायऱ्या चढू लागली.

खेचर धापा टाकायला लागलं. दोन माणसांचं सामान हसत नेणारं जनावर!

मागून पावलं वाजत होती. एका बाईची.

मग... दोघींची.

मग... खूप जणींची.

मावशीने गर्रकन वळून पाहिलं.

पायऱ्या रिकाम्या. खाली धक्क्यापर्यंत कुणीही नाही.

गाठोडं मात्र होतं. तिने गाठ सोडली.

आत दगड. समुद्रातले. छावणीच्या भिंतीला लावलेत तसलेच. पाणी निथळत होतं.

मावशी धावत सुटली ती थेट दिराच्या कॉफीच्या दुकानात. थ्रासोस कपबशा पुसत होता.

"वहिनी, भरदुपारी ऊझोची दारू चढवलीत की काय?" तो हसला.

मग तिने दगडांचं सांगितलं.

त्याचं हसू गेलं. फडकं हातातच राहिलं.

"वहिनी... तिनं बाबांचं नाव घेतलं का?"

"मामंजींचं? त्यांचा काय संबंध? ते तर पावाची भट्टी चालवायचे."

"भट्टी नंतर टाकली त्यांनी."

"नंतर म्हणजे? कशानंतर, भावजी?"

थ्रासोसने खिडकीतून छावणीच्या पडक्या भिंतीकडे पाहिलं आणि तो आत गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मावशीने एकेक दगड समुद्रात सोडला. एकटीने. घरी गेल्यावर सासऱ्यांच्या फोटोसमोर ती बराच वेळ उभी होती म्हणे.

दिराच्या दुकानात ती आता पाय ठेवत नाही.

परवा मी धीर करून विचारलंच, "मावशी, खरं सांग. नाव घेतलं होतं का तिनं?"

मावशी खेचराचा पट्टा आवळत होती. तिने वर पाहिलंच नाही.

आवळतच राहिली...