दुसरी प्रत

जिन्याच्या वळणावर ती घाईने उतरत होती, तो दोन-दोन पायऱ्या चढत होता, आणि दोघांच्या मध्ये तिच्या फोनचा बळी गेला. काच तडकली, स्क्रीन लुकलुकली आणि काळी पडली.

"अरेरे... चूक माझीच," फोन उचलून देत तो म्हणाला. "काळजी करू नका. खाली माझंच फोनदुरुस्तीचं दुकान आहे."

तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं. आधी लोकांना धडकायचं आणि मग दुकानात बोलवायचं... धंदा झकास होता! त्यात डोळे अगदी प्रामाणिक. तेच तिला जास्त खटकलं.

पण इलाज नव्हता. वरच्या मजल्यावर ती लहान मुलांना बोलायला शिकवत असे. चार वर्षांची, तोंडातून अक्षर न काढणारी चिमणी काल पहिल्यांदा 'आई' म्हणाली होती आणि ते रेकॉर्डिंग फक्त या फोनमध्ये होतं. चिमणीची आई ते ऐकायला थोड्याच वेळात येणार होती. बॅकअप? तो तिने कधीच बंद केला होता. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्याने त्यातूनच तिचे मेसेज चोरून वाचले होते. लग्न मोडलं, संशय मात्र तिच्याकडेच मुक्कामाला राहिला.

दुकानात नवी स्क्रीन बसली, तरी फोन सारखा बंद पडत होता.

"सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवू, फोन कोरा करू, मग परत भरू," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवरच्या प्रतीला पासवर्ड तुम्हीच घाला. मला सांगू नका."

कीबोर्ड तिच्यापुढे सरकवून तो भिंतीकडे तोंड करून बसला. भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्या काचेत याला सगळं दिसत असणार! तिने वाकून काचेत पाहिलं, तर त्याने डोळे घट्ट मिटलेले.

"डोळे कशाला मिटलेत?"

"तुम्ही घड्याळात बघणार, असं वाटलं."

"फारच सराईत दिसता."

"तुमच्याइतका नाही हं..."

तिने हसू गिळलं. तो तिला आवडायला लागला होता आणि हे तिला मुळीच आवडलं नव्हतं.

फोन कोरा झाला, पुन्हा भरू लागला. स्क्रीन उजळली, तिच्या भाचीचा नेहमीचा फोटो झळकला; सगळं परत आलं, असं तिला वाटलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला मात्र, तिने झटकन कॉम्प्युटरवरची प्रत पुसून टाकली. कायमची. मग फोनमधलं रेकॉर्डिंग शोधलं... ते नव्हतंच.

"अहो, अजून अर्धंच भरलं होतं," तो हळूच म्हणाला.

चिमणीचा पहिला शब्द तिने स्वतःच्या हाताने पुसला होता. तिला रडू आवरेना.

"एक सांगू? रागवा, पण ऐका... मी आणखी एक प्रत काढून ठेवलीय."

"मला न विचारता?"

"न विचारता. चुकलंच माझं. घाईने पुसणारी माणसं रोज बघतो ना, म्हणून. पण पासवर्ड तुमचाच आहे. मला ती उघडत नाही."

ती भडकली. पण भडकता भडकता तिच्या लक्षात आलं — पुसलेलं परत मिळवलं, अशी थाप मारून हा सहज मोठेपणा मिरवू शकला असता. तिने विश्वासही ठेवला असता.

तिने पासवर्ड टाइप केला. डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं पुसट दिसत होती. चुकला. पुन्हा चुकला. तेवढ्यात जिन्यात चिमणीच्या आईचा आवाज आला.

"तुम्ही टाइप करा," ती म्हणाली. "मी सांगते."

"नको, मला कशाला—"

"'कोणाचाच भरवसा नाही'. सगळं जोडून."

तो हसला नाही. त्याने जसंच्या तसं टाइप केलं. या वेळी दोघं खांद्याला खांदा लावून फोन पूर्ण भरेपर्यंत थांबली. मग फोनमधून बारीक, चाचरता आवाज आला... "आ...ई." वर शोधून दुकानाच्या दारात आलेली चिमणीची आई तिथेच मटकन खाली बसली आणि हसत हसत रडू लागली.

"आता पासवर्ड बदला हं," तो कानाशी पुटपुटला. "मला कळलाय."

"बदलायलाच हवा," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "आता तो खरा राहिला नाही."